बंदच व्हईना

बंद पडलेली वस्तू चालू कशी करायची, हे धारूरात कुणाला शिकवावं लागत नाही. ट्रॅक्टरचा सेल्फ गेला तर तो रात्री उतारावर लावून ठेवायचा आणि सकाळी गिअरमध्ये सोडून द्यायचा. गाव बालाघाटाच्या डोंगरावर वसलेलं आहे, उताराची टंचाई नाही. टंचाई असते ती पाण्याची. दुचाकी पावसात बसली तर ती आधी आडवी करायची, मग प्लग काढून फुंकायचा, मग ती विकणाऱ्याच्या नावानं चार शब्द बोलायचे, की ती फुर्रकन सुरू होते. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरचं हिरवं बटण धरत नसलं तर त्यात बाभळीची काडी खोचायची. आणि एसटीला धक्का द्यायचा तो रीतसर तिकीट काढून द्यायचा, कारण कंडक्टर धक्का देणाऱ्याला सवलत देत नाही.

या शास्त्राचा कळस म्हणजे ऑटो. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. थंडीत गोधडीतून उठून, टॉर्च घेऊन, सापाविंचवातून मोटार चालू करायला कोण जाणार? म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच बसवायचा. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते, मालक घरी घोरत असला तरी. महावितरण वर्षानुवर्षं हात जोडून सांगतंय की बाबांनो, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. लाईट आल्याबरोबर शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळते. लोक ऐकून घेतात. डीपी जळाल्यावर ती कशी चालू करून आणायची, हेही लोकांना पाठ आहे.

बंद करणं हा विषय मात्र आमच्या अभ्यासक्रमात कधी आलाच नाही. गरजच पडली नाही. डिझेल संपतं, लाईट जाते, विहीर आटते, साहेब मीटिंगला जातात. वस्तू, योजना, खिडक्या, सगळं आमच्याकडे आपोआप बंद पडतं. त्यासाठी कुणाला बटण दाबावं लागत नाही. त्यामुळे तहसीलकडच्या रस्त्यावरच्या ऑनलाईन सेंटरातला लॅपटॉप अपडेट झाल्यापासून बंदच होईना, अशी बातमी पसरली तेव्हा गावाला आधी तक्रारच कळेना.

“बंद व्हईना म्हंजे?”

“म्हंजे बंद करायला गेलं की बंदच व्हईना.”

“मंग चांगलंय की!”

सेंटरवाल्याच्या दुःखाची ही पहिली पायरी. त्याचं दुःख समजून घ्यायचं तर त्याचं टेबल पाहिलं पाहिजे. दहा बाय दहाचा गाळा. टेबलावर लॅपटॉप, त्याच्या कीबोर्डावर दुधाच्या पिशवीपेक्षा जाड प्लास्टिक, आणि त्या प्लास्टिकवर वरच्या ओळीतले आकडे पार पुसलेले, कारण आधार नंबर टाकून टाकून बोटं तिथंच झिजतात. बाजूला प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, पासपोर्ट फोटोसाठी भिंतीवर निळा कागद. आणि या सगळ्यांचा राजा, अंगठ्याचं मशीन. काडीपेटीएवढं, पोटात लाल उजेड. त्याच्याजवळ एका वाटीत ओलं फडकं. ऊस तोडून तोडून, खुरपून खुरपून अंगठ्यावरच्या रेषा गेलेल्या असतात; मशीन म्हणतं, हा माणूसच नाही. मग सेंटरवाला फडक्यानं अंगठा पुसतो, स्वतःच्या हातानं तो काचेवर दाबून धरतो, आणि म्हणतो, “मावशी, हलू नका.” मावशी श्वासही घेत नाहीत. माणूस असल्याचा पुरावा म्हणून त्या काही क्षण जिवंतपणाची लक्षणं स्थगित करतात.

पीकविमा, ई-केवायसी, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, मुकादमाच्या करारांची टायपिंग, सगळं या एका लॅपटॉपवर. दिवसभर तो बिचारा चालतो. संध्याकाळी सेंटरवाला ‘शट डाऊन’ दाबतो. पडदा निळा होतो, मधोमध ठिपके गोल फिरायला लागतात, खाली ‘बंद होत आहे’ अशा अर्थाची ओळ. आणि मग काही नाही. ठिपके फिरताहेत. शेजारच्या हॉटेलवाल्यानं भजी तळून कढई उतरवली, तरी ठिपके फिरताहेत. कधी कधी तेही थांबतात, आणि ‘बंद होत आहे’ ही ओळ तेवढी पाटी लिहून ठेवावी तशी राहते.

पूर्वी असं होत नव्हतं, हे खरं. सेंटरात डेस्कटॉप होता तेव्हा संगणक बंद करायचं काम विजेकडे होतं. भारनियमनाच्या काळात ती इतक्या चोखपणे यायची-जायची की ‘शट डाऊन’ हे बटण माऊसनं दाबायची वेळच येत नसे. यूपीएस किंचाळला की फॉर्म सेव्ह करायचा, आणि नसला सेव्ह झाला तर शेतकऱ्याला उद्या बोलवायचं. लॅपटॉपला बॅटरी आहे. त्यामुळे तो महावितरणच्याही हाताबाहेर गेला. लाईट गेली तरी ठिपके फिरतात, उलट अंधारात जास्तच उठून दिसतात.

गावात सल्ला फुकट असतो आणि न मागता मिळतो. मोटार रिवाइंडिंगवाला आला, लॅपटॉपला खालून हात लावला आणि म्हणाला, “गरम लागायलंय. आतनं कॉइल गेलीय.” लॅपटॉपात रिवाइंड करण्याजोगी कॉइल नसते असं सांगितल्यावर त्याला कंपनीचीच कीव आली. मेडिकलवाल्यानं व्हायरसचं निदान केलं, धंदाच तो. एक ऊसतोडीचा मुकादम करार टाईप करायला बसला होता, त्याचा तर्क मला सर्वात पटला. “उचल दिली आसंल त्येला. उचल घेतलेला गडी हंगाम संपल्याशिवाय निघत नसतो.”

निवृत्त गुरुजी आले. गुरुजींना कुठलाही विषय दिला तरी ते त्याला धारूरच्या किल्ल्यावर नेतात. ते म्हणाले, आदिलशाही सरदार किश्वरखानानं सोळाव्या शतकात हा किल्ला बांधला. मग तो निजामशाहीनं घेतला, शहाजहानच्या काळात मोगलांनी घेतला, पुढं हैदराबादच्या निजामाकडे राहिला. पण प्रत्येकाची सगळी ताकद दरवाजा उघडण्यात खर्च झाली. बंद तो एका माणसानं व्हायचा. एवढं सांगून गुरुजींनी लॅपटॉपची घडी मिटली. “झालं बंद.” घडी उघडली तर ठिपके आत फिरतच होते. गुरुजी म्हणाले, “फितुरी आहे.”

आणि गंमत म्हणजे या सल्लागारांपैकी निम्म्यांकडे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट आहे. सरकारी नोकरीत लागतं म्हणून महाराष्ट्रात दोन पिढ्यांनी तो कोर्स केला. त्यात संगणक नीट बंद कसा करायचा हे शिकवत. तो बंद झाला नाही तर काय करायचं, हा प्रश्न परीक्षेला येत नव्हता.

धारूरच्या लोकांना दोष द्यायचा तरी कसा? ज्यांनी संगणक बनवले त्यांनाही बंद करण्याचं कोडं धड सुटलेलं नाही. १९९५च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आलं, तेव्हा संगणक बंद करायचा तर ‘स्टार्ट’ या बटणावर जावं लागे. जगभर त्यावर विनोद झाले. आमच्याकडे झाले नाहीत, आम्हाला ‘स्टार्ट’ एवढंच कळत होतं. सगळी आवराआवर झाली की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सूचना यायची, की आता संगणक बंद करायला हरकत नाही. म्हणजे त्यानं फक्त परवानगी द्यायची, बटण तुम्ही दाबायचं. त्या काळातले बहुतेक संगणक स्वतःची वीज स्वतः तोडू शकत नसत. डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचे नियम ठरवले, आणि विंडोजसारख्या प्रणालीनं यंत्राला ‘आता वीज तोड’ असं सांगायची सर्वमान्य रीत झाली. तेव्हापासून नारिंगी अक्षरं हळूहळू गेली आणि आपल्या हातातलं शेवटचं बटणही गेलं.

ऑक्टोबर २००३पासून मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेतल्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र. बुधवारी सकाळी सेंटर उघडलं की ते दारात उभे. मग ‘अपडेट करा आणि बंद करा’ असा एक पर्याय दिसतो. आज्ञाधारक माणूस तो दाबून घरी जातो. वर्षानुवर्षं लोकांची तक्रार होती की हे दाबलं तरी काही संगणक अपडेट होतात आणि बंद होण्याऐवजी पुन्हा चालूच होतात. सकाळी येऊन पाहावं तर रात्रभर पंखा गरगरतोय. ही चूक दुरुस्त केल्याचं कंपनीनं सांगितलं ते २०२५च्या ऑक्टोबरअखेरीस. आनंद साजरा करायला लोकांना पुरता वेळही मिळाला नाही. १३ जानेवारी २०२६च्या मंगळवारी आलेल्या अपडेटनंतर विंडोज ११च्या एका जुन्या आवृत्तीवरचे, ‘सिक्युअर लाँच’ ही सोय चालू असलेले संगणक बंद करायला गेलं की उलट पुन्हा सुरू व्हायला लागले. चार दिवसांत दुरुस्तीचा खास अपडेट काढावा लागला. तोवर कंपनीचा सल्ला असा, की काळ्या खिडकीत हातानं आज्ञा टाईप करून संगणक बंद करावा. काडी खोचण्याचा प्रकार म्हणजे फक्त आमच्याकडेच आहे असं नाही.

पण हे झालं पुन्हा चालू होण्याचं. सेंटरातला लॅपटॉप मध्येच अडकत होता, आणि तो का अडकतो हे नीट पाहिलं तर त्याच्याबद्दल राग राहत नाही. बंद होणं म्हणजे वऱ्हाड निघण्यासारखं आहे. लग्न लागलं, जेवणं झाली, टेंपो दारात उभा. यजमान, म्हणजे प्रणाली, ओरडते, “चला, निघायचंय!” हे ती प्रत्येकाला वेगळं सांगते. आधी उघडे प्रोग्राम. ते पोरंसोरं. कुणी म्हणतं, माझी फाईल सेव्ह व्हायचीय, कुणी ऐकतच नाही. पाचेक सेकंद वाट पाहायची, नाहीतर बखोट धरून टेंपोत टाकायचं; म्हणूनच पडद्यावर ‘तरीही बंद करा’ असं विचारलं जातं. मग पडद्याआड राबणाऱ्या सेवा, म्हणजे आचारी आणि मांडववाले. त्यांनाही थोडी मुदत, मग हकालपट्टी. शेवटी ड्रायव्हर. टेंपोचा नव्हे, प्रिंटर, वायफाय, अंगठ्याचं मशीन यांना चालवणारे छोटे प्रोग्राम, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. हे जावई. प्रणालीच्या अगदी गाभ्यात त्यांची बैठक. जावयाला बखोट धरून उठवता येत नाही. “जावईबापू, निघायचं ना?” असं अदबीनं विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची. जावयानं उत्तर दिलं नाही तर अख्खं वऱ्हाड टेंपोत बसून, नवरी रडून डोळे पुसून, करवल्या पेंगायला लागून, टेंपो जागच्या जागी घरघरत राहतो. ते घरघरणं म्हणजे गोल फिरणारे ठिपके.

लिनक्स नावाची जी फुकट प्रणाली असते, ती या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. कोण अडून बसलंय त्याचं नाव ती चक्क पडद्यावर लिहिते, आणि शेजारी मुदत: बहुधा दीड मिनिट. मुदत संपली की अडून बसलेल्याचं बखोट धरून टेंपो हलवते. विंडोज नाव सांगत नाही. घरातली भांडणं पाहुण्यांपुढं कशाला, असा खानदानी विचार असावा.

आता अपडेटनं नेमकं काय बिघडतं? अपडेट यजमान बदलतो, जावई जुनेच राहतात. नवा यजमान नव्या पद्धतीनं विचारतो आणि जुन्या जावयाला तो प्रश्नच कळत नाही.

त्यात २०१२ साली विंडोज ८ बरोबर आलेली एक सोय आहे, फास्ट स्टार्टअप. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून तो बंद करताना पूर्ण बंद करतच नाहीत. उघडे प्रोग्राम मिटवतात, पण प्रणालीचा गाभा आहे त्या अवस्थेत डिस्कवर उतरवून ठेवतात, आणि सकाळी तोच परत उचलतात. म्हणजे ‘शट डाऊन’ दाबलं तर गाभा अर्धवट झोपतो; ‘रीस्टार्ट’ दाबलं तर मात्र तो पूर्ण बंद होऊन नव्यानं उठतो. ज्याला बंद म्हणतात ते बंद नाही आणि ज्याला पुन्हा चालू म्हणतात तेच खरं बंद. हे जेव्हा मी सेंटरात समजावून सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. फक्त मुकादम म्हणाला, “आमच्या साखर कारखान्याचं आसंच हाय.”

दरम्यान सेंटरवाल्यानं स्वतःचा उपाय शोधला होता. पॉवरचं बटण दाबून धरायचं. दहा सेकंद धरलं की लॅपटॉप मुकाट्यानं पडतो. हे रोज करू नये, कारण डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहतं, आणि अपडेट चालू असताना तर मुळीच करू नये. शिवाय लॅपटॉप हे विसरत नाही. इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या वहीत तो दर वेळी नोंद करतो: मागच्या खेपेला मला नीट बंद केलं नाही. त्या नोंदीला ६००८ असा क्रमांक असतो. दुसरीही एक असते, ४१ क्रमांकाची, तिच्यापुढं ‘क्रिटिकल’ असं लाल खुणेनं लिहिलेलं. सेंटरवाल्यानं ती वही पहिल्यांदा उघडली तेव्हा ओळीनं लाल खुणा पाहून त्याचा चेहरा उतरला. दाखल झालेल्या फिर्यादींत आरोपी तोच होता.

शेवटी गाडं रुळावर आणलं ते त्याच्या भाचीनं. अंबाजोगाईला शिकते, सणाला आली होती. आल्या आल्या तिनं मामाला विचारलं, “अपडेटच्या आधी काय जोडलेलं होतं आन् आता काय जोडलंय?” एवढ्या सल्लागारांत प्रश्न विचारणारी ही पहिलीच. आधी तिनं फास्ट स्टार्टअप काढून टाकलं: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांनी काय करायचं ते निवडा. तिथं ती खूण करड्या रंगात मेलेली दिसते. वरच्या एका निळ्या ओळीवर क्लिक केल्याशिवाय ती जिवंत होत नाही. मग अपडेट पूर्ण बसावेत म्हणून एकदा ‘रीस्टार्ट’. मग ‘शट डाऊन’. ठिपके फिरले, जरा कमी फिरले, आणि पुन्हा थांबले.

गर्दीनं समाधानाचा सुस्कारा सोडला. कॉलेजात शिकून काही होत नाही, हे सिद्ध होत आलं होतं.

तिनं काही न बोलता प्रिंटरची वायर काढली आणि पुन्हा करून पाहिलं. मग माऊसची. मग अंगठ्याच्या मशीनची वायर हातात घेतली. सेंटरवाला कळवळला, “ते नको, त्याच्यावर दुकान चालतंय.” तिनं ती काढली. ‘शट डाऊन’ दाबलं. ठिपक्यांनी एक गिरकी घेतली, पडदा काळा झाला, पंख्याचा आवाज खाली खाली येत थांबला आणि कोपऱ्यातला पांढरा दिवा विझला.

गाळ्यात शांतता. कित्येक दिवसांत त्या लॅपटॉपचा पंखा न वाजता कुणी तिथं उभं राहिलं नव्हतं.

“अंगठा काढला की निघतोय,” मुकादम म्हणाला. “करारावर सगळ्यांचा अंगठाच आडवा येतो.”

पुढचं काम कंटाळवाणं आणि म्हणून बिनचूक होतं. डिव्हाईस मॅनेजरमध्ये जाऊन मशीनचा जुना ड्रायव्हर काढला, मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून नवा उतरवला. इंटरनेट धारूरचं, त्यामुळे उतरायला वेळ लागला. तेवढ्यात भजीची एक प्लेट झाली. नवा बसवला, रीस्टार्ट केलं, मशीन जोडूनच ‘शट डाऊन’ दाबलं. बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. बघायला आलेल्यांपैकी एकानं “अजून एकदा” अशी फर्माईशही केली. भाचीनं मामाला एवढंच बजावलं, की अपडेट आल्यावर आधी रीस्टार्ट करायचं, आणि नंतरही अडकला तर सगळ्यात शेवटी काय जोडलंय ते आधी काढायचं. मामानं ते लॅमिनेट करून भिंतीवर लावलं, निळ्या कागदाशेजारी.

आता सेंटर वेळेवर बंद होतं. पण या सुधारणेनं एक अडचण उभी केली, जी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. लॅपटॉप बंद होत नसे त्या काळात सेंटरवाला रात्री उशिरापर्यंत ठिपके बघत बसून राही. शटर अर्धं वर, आत उजेड. घाट चढून शेवटच्या गाडीनं उतरणारी माणसं तो उजेड बघून थेट आत शिरायची. त्याचं ‘बंद होत आहे’ म्हणजे त्यांचं ‘चालू आहे’.

परवाच्या बुधवारी असाच एक जण उतरला. धोतर, हातात कागदांची पिशवी. सेंटरवाला लॅपटॉप मिटून शटरला हात घालत होता.

“आँ? बंद करायलाव का? कालपरवापर्यंत तर रात्री बी चालू आसायचा की तुमचा!”

“मामा, तो बंद होत नव्हता.”

“मंग आता काय झालं त्येला?”

“दुरुस्त झाला.”

मामांना हे पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. ते सरळ बाकड्यावर बसले आणि पिशवीतून पासबुक, आधार आणि सातबारा काढून मांडीवर लावले. उद्या परत यायचं म्हणजे एक रोज बुडणार, जायचं-यायचं भाडं वेगळं. सेंटरवाल्यानं शटर पुन्हा वर केलं, लॅपटॉप उघडला, बटण दाबलं. निळा पडदा आला, ठिपके फिरायला लागले. खाली टक्के आले आणि इंग्रजीत एक ओळ आली.

“काय म्हणायलंय?” मामांनी विचारलं.

सेंटरवाल्यानं कपाळाला हात लावला. “अपडेट चालूय. संगणक बंद करू नका म्हणतोय.”

“तेच तर मी आल्यापासून म्हणायलोय,” मामा म्हणाले, आणि त्यांनी पाय वर घेतले.